पुंजाजीचं टाईट आणि लूज

इंग्रजीत एकूण शब्द किती, हे मला ठाऊक नाही. पण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या पुंजाजी टेलरचं आयुष्य त्यातल्या दोनांवर भागत आलं होतं. टाईट आणि लूज. बाकीची इंग्रजी त्यानं इंग्रजांकडंच राहू दिली होती.

पुंजाजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आजा मेंढरांमागं गेला, बाप मेंढरांमागं गेला, दोन भाऊ अजून जातात. हा एकटा पोरवयात वसमतला एका उस्तादाच्या दुकानात काजं-बटणं करायला राहिला. भाऊ त्याला म्हणत, "आमी लोकर कापतो, तू लोकायचे खिसे काप." उस्ताद दखनी उर्दू बोलायचा. त्याचं सारं तत्त्वज्ञान तीन वाक्यांत बसायचं: "बेटा, गिऱ्हाइक की दोच तकलीफां रहतीं. टाईट हुआ, नइं तो लूज हुआ. तिसरी बात बोल्या, तो समज लेना, उसकू कपडा नइं, झगडा होना." म्हणजे त्याला भांडणच हवंय.

गुरूचं हे ज्ञान पुंजाजीनं गोरेगावात आणलं आणि कपड्यापुरतं न ठेवता साऱ्या सृष्टीला लावून टाकलं. चहा टाईट म्हणजे कडक. मास्तर टाईट म्हणजे शिस्तीचा. हात टाईट म्हणजे खिशात काही नाही. तब्येत टाईट म्हणजे ठणठणीत, पण छाती टाईट म्हणजे ताबडतोब जीप सांगा आणि हिंगोलीला न्या. कामात बुडालेला माणूस टाईट, आणि रिकामा बसलेला लूज. शेंगदाणे लूज म्हणजे सुटे. भांडण लूज म्हणजे मिटायला आलेलं. पोट लूज म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि पुढारी लूज म्हणजे काय, ते समोर कोण बसलंय हे बघून पुंजाजी ठरवायचा.

आता 'टाईट'चा जो अर्थ आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तो मात्र या कोशात नव्हता. प्यालेल्या माणसाला पुंजाजी लूज म्हणायचा. त्याचंही काही चूक नव्हतं. प्यालेला माणूस नीट बघा, त्याच्यात टाईट काय असतं? गुडघे लूज, जीभ लूज, पायजम्याची नाडी लूज. अशा माणसाला टाईट म्हणणं पुंजाजीच्या धंद्याच्या शिस्तीत बसत नव्हतं.

गावाला याची सवय होती. एका गावात राहिलं की माणसाचा शब्द कानांनी कमी आणि त्याच्या तोंडाकडं बघून जास्त कळतो. घोटाळा झाला तो बाहेरच्या कानांमुळं.

पुंजाजीच्या दुकानाला लागून रामजीचं घर. दोघं एका वर्गात शिकले आणि एकाच वर्गात नापास झाले, त्यामुळं दोस्ती पक्की. रामजी शेती करतो आणि गावातल्या बुद्धविहाराची देखभाल करतो. त्याच्या घरात दारू तर सोडाच, सुपारीसुद्धा येत नाही. पौर्णिमेला वंदना तोच घेतो. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज जरासा चढतो, कारण ज्यांनी ते ऐकायला पाहिजे ते सगळे मागं दाराशी बसलेले असतात. त्याचा मुलगा प्रमोद. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा असो, शिष्यवृत्ती असो की आधार कार्डावरचं चुकलेलं नाव, सगळा गाव सकाळपासून त्याच्या दारात.

प्रमोदला शिरड शहापूरची दीक्षा सांगून आली. पोरगी नर्सिंग झालेली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, फोनवर बोलणं सुरू झालं. दोन्ही घरं खूश होती. राहिली होती फक्त चौकशी.

चौकशीची आमच्याकडं एक रीत आहे. चौकशी करणारा कधीही 'मी चौकशीला आलोय' असं सांगत नाही. तो गावात येतो, काहीतरी काम काढतो आणि बोलता बोलता विचारतो. सारं गाव त्याला एका नजरेत ओळखतं आणि न ओळखल्यासारखं करतं. दीक्षाचा मामा विकास एक पँट घेऊन पुंजाजीच्या दुकानात आला, तेव्हा पुंजाजीनंही त्याला ओळखलं. मित्राच्या पोराचं भलं करायची संधी चालून आली, म्हणून तो खुर्ची पुसायला उठला.

"कंबर टाईट होऊन राहिली," मामा म्हणाला. "जराशी लूज करा."

आपल्याच भाषेत बोलणारा माणूस भेटला म्हणून पुंजाजीची कळी खुलली. त्यानं मामाच्या कमरेला टेप लावला.

"इथं प्रमोद म्हणून एक पोरगं हाय म्हणं. रामजीचं."

"हाय ना. लई टाईट पोरगं."

"टाईट?"

"एकदम. सकाळी शटर उघडलं की टाईट. दुपारी जेवायचीबी सुद नसते त्याला."

"रोज?"

"रोज. बाजाराच्या दिवशी तर बोलूच नका. बाया, म्हातारे, समदे त्याच्याभवती गोळा. एखाद्या दिवशी तर घरी न्यायला माणूस पाठवावा लागते."

"घरचे काई म्हणत न्हाईत?"

"काय म्हणतीन? मीच एकदा म्हणलं, बाबा, थोडं लूज राहत जाय, तब्येत खराब होईन. तर हसते नुसतं."

"अन बाप?"

"बाप लूज. पयल्यापासून लूज. गावात कोन्हालाबी विचारा."

"आई?"

"सोजरावयनी टाईट हाय. तिच्यामुळंच घर चालून राहिलं."

मामाचा आवाज आता खोल गेला होता. "म्हणजे घराण्यातच हाय."

"घराण्यातच," पुंजाजी अभिमानानं म्हणाला. "याचा आजा तर टाईट असतानाच गेला. वावरातून आला, बाजेवर बसला अन बसल्या बसल्या गेला. असं मरण नशिबात लागते."

मामानं जो श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. टेप चांगला दोन बोटं आत गेला. पुंजाजीला वाटलं, या माणसाला पँट लूज करायची गरजच नाही, उगीच वहम आहे. त्यानं तसं खडूनं लिहूनही ठेवलं. मामा पँट तिथंच टाकून निघाला. त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

सोयरीक मोडली. रामजीच्या घरात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळं मोडायला पत्रिकेची सोय नव्हती. 'पोरीला अजून शिकायचंय' असा निरोप आला. पण असा निरोप एकटा कधी येत नाही, त्याच्यामागून खरं कारणही चालत येतं. बायाबायांमधून ते सोजराबाईंच्या कानावर आलं: पोरगं पेतं म्हणे. सकाळपासून पेतं. बापही पेतो.

रामजी पुंजाजीच्या दुकानात येऊन बसला. लग्नाच्या कोटासाठी आणलेलं पांढरं कापड त्यानं आधीच पुंजाजीकडं ठेवलं होतं. त्याच्यावरून त्यानं हात फिरवला.

"पुंजा, कोण्या माणसानं असं सांगितलं असंल?"

"मुडदा बसो त्याचा," पुंजाजी तळमळीनं म्हणाला. "नाव सांग, त्याचं थोबाड टाईट करतो."

"जाऊ दे. गैरसमज झाला असंल त्याचा. कापड राहू दे इथंच. कवा तरी लागंलच." रामजी उठून गेला.

त्याच दिवशी दुपारी शिवप्रसाद जीपवाला शर्टाचं बटण लावून घ्यायला आला. गोरेगाव ते सेनगाव जीप चालवणारा माणूस; गाडीत बसलेल्यांचं बोलणं ऐकणं हा त्याच्या धंद्याचा भागच आहे.

"टेलर, ते पाव्हणं तुमच्या दुकानातून निघून माझ्याच गाडीत बसलं होतं," तो म्हणाला. "सेनगाव येईस्तोवर फोनवर बोलून राहिलं होतं. पोरगं सकाळपासूनच टाईट असते म्हणे, बाप लूज हाय म्हणे, आजा पिऊन मेला म्हणे. मी म्हणलं, कोण्या गावचं घर असंल हे बिचारं."

पुंजाजीच्या तोंडात दोरा होता. तो त्यानं तसाच धरून ठेवला. शिवप्रसादचं बटण त्यानं चुकीच्या काजासमोर लावलं. शिवप्रसाद गेल्यावर पुंजाजीची नजर खुंटीवर गेली. मामाची पँट तिथं लटकत होती, दोन्ही पाय खाली सोडून.

त्यानंतरचे दिवस पुंजाजी रामजीच्या घराच्या बाजूला बघेना. दुकानाच्या दाराची त्या बाजूची फळी त्यानं ओढून घेतली. रामजी सवयीप्रमाणे यायचा, बसायचा. पुंजाजी मशीन जोरात चालवायचा, म्हणजे बोलावं लागू नये. सांगायचं त्याच्या जिभेवर रोज यायचं, पण तेवढ्यात रामजी म्हणायचा, "तू काहून सुकून राहिला रे? तब्येत बरी हाय ना?" आणि पुंजाजीचं सांगणं पुन्हा आत जायचं. शिव्या देणारा दोस्त असता तर त्यानं कधीच सांगून टाकलं असतं.

घरी बायको, सत्यभामाबाई, ताट तसंच माघारी आलेलं बघून म्हणाली, "पोट लूज हाय का तुमचं?"

"तो शब्द काढू नको," पुंजाजी म्हणाला.

"कोणता, पोट?"

पुंजाजीनं तोंड फिरवलं. मग हळूहळू सगळं तिला सांगितलं. सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला नाही, लुगड्याचा पदर खोचला. "ते पँट घ्या अन जा शिरड शहापूरला. पोराचं लगन तुमच्या तोंडानं मोडलं, तुमच्याच तोंडानं जोडा. पण तोंड जरा धुऊन न्या."

दुसऱ्या दिवशी पुंजाजी पिशवीत पँट घालून जीपमध्ये बसला. वाटेत त्यानं शिवप्रसादला विचारलं, "कामात असलेल्या माणसाला काय म्हणतेत?"

"बिझी."

"अन मराठीत?"

"मराठीतबी बिझीच की."

पुंजाजीनं पिशवी मांडीवर घेतली.

शिरड शहापूरला मामाच्या घरी ओसरीवर मामा, त्याची म्हातारी आई जिवनबाई आणि दीक्षा, तिघंही होती. दीक्षा लहानपणापासून आजोळीच वाढलेली. पुंजाजीनं जयभीम केला आणि पँट पुढं धरली. मामानं ती उलटसुलट करून पाहिली.

"कंबर तशीच हाय की."

"त्या दिवशी तुमची कंबर आत गेली होती."

"तुमचं ऐकून गेली होती," मामा म्हणाला.

पुंजाजी तसाच उभा राहून म्हणाला, "पोरगं पेत न्हाई. घरात कोन्हीच पेत न्हाई. आजाबी पेत नव्हता."

"मंग तुमी टाईट काहून म्हणले?"

"टाईट म्हणजे कामात."

"मंग कामात म्हणायला काय तकलीफ होती?"

तकलीफ काहीच नव्हती. हेच सांगणं फार अवघड होतं.

जिवनबाई इतका वेळ बाजेवर बसून त्याच्याकडं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, माझा मालक टाईट असायचा. बारसं असो का मयत असो, लोक मला सांगायला यायचे, तुझा नवरा टाईट पडला, घेऊन जाय. म्या उचलून आणायची त्याला. आता तो मरून इतके वर्स झाले. पण कोन्ही पाना घेऊन नट टाईट कर म्हणलं तरी माझे पाय दाराकडं वळतेत. मी नात कशी दिली असती त्या घरात?"

पुंजाजीला आजवर वाटत होतं, की आपण एक शब्द चुकीच्या माणसासमोर बोललो. आता त्याला कळलं, की तो शब्द या घरात आधीपासून राहत होता आणि आपण नुसतं दार लोटलं. त्याला बसायला सांगितलं होतं, पण तो बसला नाही.

दीक्षा दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, बापाला लूज म्हणले होते तुमी. त्याचं काय?"

हा प्रश्न सोपा होता. पुंजाजीला बरं वाटलं. "माझ्या भावाची मेंढरं एकदा रामजीच्या तुरीत शिरली. दुसरा असता तर काठी घेऊन आला असता. यानं मेंढरं गोळा केली, हौदावर नेऊन पाणी पाजलं अन घरी आणून सोडली. वरून भावाला म्हणला, भुकेजली होती बिचारी, रागावू नको त्यायला. आता अशा माणसाला काय म्हणावं? मी लूज म्हणलो."

"चांगला म्हणायचं," दीक्षा म्हणाली.

चांगला. पुंजाजीला हा शब्द लहानपणापासून येत होता. त्याचं काम कधी पडलं नव्हतं, इतकंच. तो कानांपर्यंत लाल झाला.

जिवनबाईंनी विचारलं, "हे तुमी रामजीच्या घरी सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग आमच्याकडं काहून आले? नाव त्यायचं खराब झालं. आधी तिथं सांगा. त्यायनी ऐकून घेतलं अन त्यायचं मन साफ असंल, तर विकासला फोन करा म्हणा."

पुंजाजी परतला तो सरळ रामजीच्या घरी गेला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. रामजी आणि सोजराबाई दोघं समोर असताना, पाठ केलेली कविता म्हणावी तसं त्यानं सगळं सांगितलं. सांगताना ते दोन शब्द आले की थांबायचा, गिळायचा आणि पुढं जायचा.

रामजी ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे पाव्हण्याचं मन अजून हाय म्हणतो? मंग फोन लावू का आत्ताच?"

एवढंच. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. पुंजाजी मार खायची तयारी करून आला होता आणि समोरचा फोनमध्ये नंबर शोधत होता. त्याला तिथं उभं राहवेना.

पण सोजराबाई काही रामजी नव्हत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी लेकराचं तोंड हुंगून राहिले. ते जेवायला बसलं की पाणी द्यायच्या निमतानं जवळ जायची. स्वतःच्या लेकराचं. त्याला कळलं होतं. त्यानं एक दिवस आपणहून तोंड उघडलं अन म्हणलं, आई, घे, हुंग." त्या थांबल्या. "तुमी भिंतीपलीकडं बसून मशीन चालवून राहिले होते."

पुंजाजीला त्या दिवशी शेजारच्या आपल्या दुकानापर्यंत चालणं जड गेलं.

सोयरीक पुन्हा जुळली. तारीख ठरली. पांढऱ्या कापडाचा, बंद गळ्याचा जोधपुरी कोट शिवायचं काम अर्थातच पुंजाजीकडं होतं. रामजीच्या डोक्यात दुसरं कोणी आलंच नाही. सोजराबाईंच्या आलं असावं, पण त्या बोलल्या नाहीत.

इकडं पुंजाजीनं ते दोन्ही शब्द सोडून दिले होते. माळकरी माणूस मटण सोडतो तसे. त्यामुळं धंद्याची फार पंचाईत झाली. गिऱ्हाइकाला माप विचारताना तो दोन्ही हात जवळ आणायचा आणि मग लांब करायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, टेलर डास मारतोय. चहावाल्याला कसा चहा पाहिजे हे सांगता येईना, म्हणून तो मिळेल तसा पिऊ लागला. गाव हसत होतं. पुंजाजी हसत नव्हता.

प्रमोद मापाला आला, तेव्हा आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलेला 'टाईट का लूज?' हा प्रश्न पुंजाजीनं विचारलाच नाही. त्या पोराच्या छातीवर टेप धरताना त्याला 'आई, घे, हुंग' एवढंच ऐकू येत होतं. त्यानं त्याच्या तोंडाकडं न बघता भराभर माप घेतलं. कोट झाला. प्रमोदनं घालून पाहिला, बटणं लावली आणि हात वर नेता नेता मध्येच थांबला.

"काका, थोडा…" तो म्हणाला. मग त्याला पुंजाजीचा चेहरा दिसला. प्रमोदही शेवटी रामजीचाच पोरगा. पुढचा शब्द त्यानं पोटात ठेवला. "थोडा चमकून राहिला. भारी झाला, काका."

एकानं विचारलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं नाही. आणि कोट जसा होता तसा लग्नाला गेला.

लग्न शिरड शहापूरला होतं. ऊन मरणाचं. मांडवात पंखे होते, पण ते वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देत होते. समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, फुलं, मेणबत्त्या. दीक्षा पांढऱ्या साडीत शांत उभी. शेजारी प्रमोद. पुंजाजीनं त्याच्याकडं पाहिलं. गळ्याचं बटण त्याच्या नरड्यात रुतलं होतं. तोंड लालबुंद, घामानं निथळणारं, डोळे ताठलेले. फुलं वाहायला तो वाकला तो अर्ध्यातच अडकला आणि सरळ होताना मागं झोकांडला. दीक्षानं त्याच्या कोपराला हात दिला.

वधूकडच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. पुंजाजी त्याच रांगेच्या मागं बसला होता.

"पाहून राहिले का?" एक बाई दुसरीला म्हणाली. "आधी ऐकलं होतं ते खोटं नव्हतं."

"लग्नाच्या दिवशीबी? काय म्हणावं बाई."

त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. बौद्धाचार्य सांगत होते, वधूवर मागून म्हणत होते. पहिली चार शीलं प्रमोदनं कशीबशी ओढली. प्रत्येकाला आवाज बारीक होत गेला. पाचव्याला, म्हणजे मद्य सोडण्याच्या शीलाला, तो 'सुरामेरय' म्हणाला आणि त्याचा श्वासच संपला. नेमका तिथं. प्रमोदनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा 'सुरामेरय'वर अडकला आणि डोलला.

पुंजाजीनं जिवनबाईंकडं पाहिलं. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला होता. मग त्यानं सोजराबाईंकडं पाहिलं. त्या लेकराकडं पाहत होत्या, आणि नकळत त्यांचं नाक पुढं झालं होतं.

पुंजाजी उठला. लोकांच्या गुडघ्यांवरून, चपलांवरून, एका लहान मुलाच्या फुग्यावरून वाट काढत तो पुढं गेला. वरच्या खिशात धागे कापायची छोटी कातर होती. ती नसेल तर पुंजाजीला कपडे घातल्यासारखं वाटत नाही.

"आचार्यजी, एक मिनिट," तो म्हणाला. आणि मांडवाकडं तोंड करून, बाजारात मेंढरांचा भाव सांगतात तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "पोरगं टाईट न्हाई. कोट टाईट हाय. मी शिवला. माप माझं चुकलं."

तीस वर्षं टेलरकी केलेल्या माणसाला भर मांडवात माप चुकलं असं सांगणं म्हणजे काय, ते टेलरलाच विचारा. गळ्याचं बटण इतकं ताणलं होतं की काजातून निघेना, म्हणून त्यानं प्रमोदला वळवलं, पाठीच्या शिवणीत कातर घातली आणि गळ्यापासून कमरेपर्यंत स्वतःची शिलाई उसवत नेली. शिलाई मजबूत होती. वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळा मांडव बघत होता. शेवटचा टाका सुटला तसा प्रमोदनं श्वास घेतला. तो मांडवामागं स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यालासुद्धा ऐकू गेला.

पाठीवर बनियन दिसत होतं. रामजीनं आपल्या खांद्यावरचं नवं कोरं उपरणं काढलं आणि लेकाच्या पाठीवर टाकलं. प्रमोदनं पाचवं शील पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात म्हटलं. बापासारखाच त्याचाही आवाज जरा चढला.

मग हसू आलं. आधी पोरांतून, मग बायांतून, शेवटी सगळ्यांतूनच. 'कोट टाईट हाय' हे त्या दिवशी शिरड शहापूरभर झालं. पुंजाजी मात्र मान खाली घालून मांडवाच्या मागं गेला आणि चुलीजवळ, भांड्यांच्या आडोशाला उभा राहिला. हसणारे त्याच्यावर चिडलेले नव्हते, हे त्याला कळत होतं. तरी त्याला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं.

पंगती बसल्या. एक उठली, दुसरी बसली. जिवनबाई काठी टेकत त्याच्यापर्यंत आल्या.

"टेलर, जेवले का?"

"आजी, पोट…" पुंजाजी म्हणाला आणि थांबला.

"म्हणा, म्हणा," जिवनबाई म्हणाल्या. "पोटाला म्हणायला काई हरकत न्हाई."

"पोट टाईट हाय."

"खोटं हाय ते. सकाळपासून पाहून राहिले मी, तुमी पाणीबी पिलं न्हाई. बसा."

तो पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसला आणि पत्रावळीकडं बघत राहिला. वाढायला रामजी होता. तो पुंजाजीसमोर आला. त्याच्या हातून बुंदी नेहमीसारखीच लूज पडली, पत्रावळीच्या बाहेरही थोडी सांडली.